देवीचा आवाज

"देवी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते गो. मागल्या मंगळवारी काय सांगितलं, मेलं काहीच कळलं न्हाय," ओटीवरच्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाशी कुरकुरली. नारळ गोळा करणाऱ्या कमळानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आत पाटावर तिची सासू ठमाबाई बसली होती. कपाळभर हळद, मांडीवर थरथरणारा उजवा हात. पूर्वी देवी नवरात्रात अंगात यायची आणि आरती झाली की जायची. दोन वर्षांमागे आली ती गेलीच नाही. ठमाबाईच्या हातून चहा सांडायचा, तरी अख्खं गाव पाया पडायचं.

भिवंडीतल्या डॉक्टरनं कमळाला समजावलं होतं. मेंदूतला एक धागा दुसऱ्याला निरोप देतो, त्या सांध्यावर एक प्रथिन राबत असतं. सासूबाईंचं ते प्रथिन गाठी धरून बसलंय. लूममध्ये कापूस अडकून सूत नेणारा धोटा मध्येच थांबावा, तसे निरोप थांबतायत. आज हात, उद्या आवाज, मग गिळणं, मग माणसांची ओळख. बरं होणार नाही. पण गोळीनं थरथर कमी होईल, घास नीट उतरेल.

त्या गोळ्या कमळाच्या नवऱ्यानं, दौलतनं, देवीच्या तसबिरीमागे ठेवून दिल्या. आधी म्हणाला, जत्रा होऊ दे. जत्रा झाल्यावर म्हणाला, श्रावण जाऊ दे. कमळा त्याच्यावर चिडायची. पण आईला भरवता भरवता तो तिच्या हलत्या हाताला नमस्कार करायचा, ते बघून कमळा गोळ्या तिथंच राहू द्यायची. देवी होती तोवर त्याच्या आईला आजार नव्हता.

कुरकुरणारी बाई पुढे आली. पोराचं लग्न कधी जमेल, तिनं विचारलं. ठमाबाईचे ओठ हलले. बाईनं कान पुढे केला. दौलतनं नेहमीसारखं मधेच सांगून टाकलं, "वैशाखात, म्हणते देवी."

ठमाबाईनं डावा हात उचलून उजव्यावर ठेवला, घट्ट दाबला. मग तोही त्याच्याबरोबर हलू लागला.

"देवी काय बोलत न्हाय, दौलत."

आवाज एवढासाच; पण ओटीवरच्या रांगेपर्यंत पोचला.

"देवी कवाच गेली. हा आजार हाय माझा. कमळे, ती गोळी दे."