फिरता खांब

भूकंप थांबला तसा इद्रिस गवंडी घराकडे न वळता मशिदीकडे धावला. इस्तंबूलची ती मशीद आणि आवारातला सुलतानाचा मकबरा त्याच्याच हवाली होता.

नमाजाची दिशा दाखवणाऱ्या मिहराबाच्या कोनाड्याशेजारी जुन्या कारागिरांनी एक बारीक संगमरवरी खांब मुद्दाम सैल बसवला होता. तो हाताने फिरला तर इमारत शाबूत, अडकला तर पाया खचलेला. रोज सकाळी तो फिरवायचा मान इद्रिसच्या सहा वर्षांच्या लेकीचा.

आज त्यानेच हात लावला. खांब गर्रकन फिरला. इद्रिसच्या जिवात जीव आला.

घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. गार पडलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बायको बसली होती.

“ढिगाखालून किती वेळ हाका मारत होती तुम्हाला,” ती म्हणाली. “फिरला का तुमचा खांब?”