जर्दाळूची काडी

कुंडीवर ओढणी टाकून बिल्किस देवदत्तकाकांच्या फाटकाशी उभी होती. आत जायचं धाडस होत नव्हतं आणि परत फिरायला पाय उचलत नव्हता. ओढणीखाली वीतभर उंचीचं जपानी जर्दाळूचं झाड होतं, आणि ते फुललं होतं. मेल्या दोन मधमाश्या पार बंदरापासून तिच्या मागे लागल्या होत्या.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! झाड चोरीचंच होतं.

काका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि मुरुडला आपल्या नारळीच्या वाडीत परतले, ते स्वतः कलम बांधून वाढवलेलं जर्दाळूचं बोन्साय घेऊनच. थंडीशिवाय ते फुलत नाही, आणि मुरुडला थंडी कुठली? काका हिवाळाभर कुंडीतल्या मातीवर बर्फ रचायचे. लोक हसायचे. मग एके सकाळी झाड पांढऱ्या फुलांनी गच्च भरायचं आणि हसणारेच फोटो काढायला यायचे.

कलम बांधायला बिल्किस त्यांच्याच हाताखाली शिकली. पीचच्या रोपाचा खुंट कसा चिरायचा, त्यावर बसवायची काडी कशी तासायची, साल सालीला कशी भिडवायची, सगळं काकांनी जीव ओतून शिकवलं. पण त्या झाडाची काडी? नाव काढू नका! छाटलेली फांदीन् फांदी ते अंघोळीच्या बंबात घालायचे. एकदा हरेश्वर वकिलांनी गमतीत एक काडी खिशात टाकली, तर काकांनी अख्ख्या आळीसमोर त्यांना चोर म्हटलं आणि वर्षभर बोलणं टाकलं.

अशा माणसाच्या घरातून बिल्किसने काडी उचलली. एकदा तरी ते फूल आपल्या हाताने फुलवायचं, एवढाच तिचा हट्ट. काडी पीचवर जुळली, जोमाने वाढली. हिवाळ्यात तिने कुंडी भावाच्या बर्फाच्या कारखान्यात, मासळीच्या खोक्यांमागे दडवली.

गेल्या वैशाखात काकांच्या विहिरीला खारं पाणी लागलं. कुणाच्या ध्यानात येईपर्यंत त्यांचं झाड करपून गेलं. तेव्हापासून काका वाळक्या खोडासमोर खुर्ची टाकून नुसते बसत. कलमाचा चाकू गंजला. कुणी काही विचारलं तर म्हणत, "काडीच नाही, तर कलम कसलं?" बिल्किस ऐकायची आणि घरी जाऊन रडायची. काडी द्यावी, तर काका कायमचे तुटणार. न द्यावी, तर माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला.

"अगं, फाटकाला काय टेकण लावतेयस? ये की आत!" अनुसूयाकाकूंनी ओट्यावरून हाक मारली.

बिल्किस आत गेली. कुंडी काकांसमोर ठेवली आणि ओढणी बाजूला केली.

"काका, चोर म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. ही तुमच्याच झाडाची काडी आहे. झाड ठेवून घ्या, पण मला इथं यायला बंदी करू नका."

काका उठले. खाली वाकून त्यांनी कलमाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. सांधा असा एकजीव झाला होता की बोटाला लागेना. त्यांनी एका फुलाला नाक लावलं.

"बोंबलाचा वास येतोय," ते म्हणाले. 

"बर्फाच्या कारखान्यात होतं. धुतलंय तरी."

"कधी उचललीस काडी?"

"तुम्ही छाटणी करत होतात. काकूंनी हाक मारली म्हणून चहा प्यायला आत गेलात. तेवढ्यात टोपलीतून घेतली."

ओट्यावर काकू एकदम खो-खो हसत सुटल्या. "सांगा आता! सांगा तिला!" काकांचे कान लालबुंद झाले. रस्त्यावर कुणी नाही ना, म्हणून त्यांनी फाटकाकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"बिल्किस, मी हिमाचलातून माझी पहिली काडी आणली ना, तेव्हा तिथला माळीसुद्धा चहाच प्यायला गेला होता गं."