दिव्याची राखण

नवरात्रात नऊ देवींचं दर्शन घडवणारी बस आग्याराम देवीपासून निघाली. प्रत्येक देवळात गाईड नामदेवराव घसा कोरडा पडेस्तोवर महिमा सांगत, पण वेणूबाईंचं तिकडे लक्षच नसे. त्या हात जोडून एवढंच म्हणत, "माय, घरचा अखंड दिवा विझू देऊ नको." शेवटी कोराडीलाही त्यांनी तेच मागितलं, तेव्हा नामदेवरावांना भरून आलं.

"बाई, इतका घोर काहून करता? दिव्याजवळ घरी कोणी नाही का?"

"हायेत ना, आमचे मालक बसले हायेत," वेणूबाई हळूच म्हणाल्या. "दिवा जळून राहिला, तोवर त्यायले जागचं हलता येत नाही. विझला, का निघालेच सायकल काढून माह्या मागं."