तांदळांवरचं नाव

"बाबा, 'सुमन लोणची' हे नाव आधीच कुणीतरी घेतलंय," लॅपटॉपवर शोधत सून म्हणाली. "नव्या धंद्याच्या नोंदणीला दुसऱ्या कुणाचं नसलेलं नाव लागतं."

"मग 'सुमनबाई' बघ."

"तेही गेलं. दुसरंच काही ठेवू या का?"

"बरणीवर तिचं नाव नसेल, तर तिच्या पद्धतीचं लोणचं मला विकायचं नाही," तो म्हणाला. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

तो बोटातली अंगठी फिरवत राहिला. लग्नात याच अंगठीने त्याने ताटातल्या तांदळांवर बायकोचं नवं नाव लिहिलं होतं, सुमन. माहेरचं नाव घरच्यांना गावंढळ वाटलं होतं. ती काही बोलली नव्हती. पण तिचा भाऊ दारातून त्या जुन्या नावाने हाक मारायचा, तेव्हा पिठाच्या हातांनी ती पोरीसारखी धावत यायची.

"'हौसा' घाल," तो हळूच म्हणाला.

सुनेने शोधलं. "मिळतंय की! कुणीच घेतलेलं नाही. पण बाबा, ही हौसा कोण?"

"तुझी सासू," तो म्हणाला. "आपल्या घरात यायच्या आधीची."