अर्धा घट

“याला नापीक रान म्हणता तुम्ही?” कारखान्याच्या साहेबांनी मोबाईल आडवा धरला आणि छातीएवढ्या मक्याचा फोटो काढला.

फोटोत गुंठाभर मका आला. उरलेलं दीड एकर साहेबांनी बरोब्बर बाहेर ठेवलं. तिथे जमिनीवर पांढरा पापुद्रा धरला होता आणि साधी हरळीसुद्धा उगवत नव्हती. चार वर्षं कारखान्याचं काळं पाणी ओढ्यातून त्या रानात मुरत होतं. या माणसाला गावात पर्यावरण साहेब म्हणत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

निकिता संतापाने पुढे झाली. तो मका तिचा होता. विद्यापीठातून जिवाणूंची बाटली आणून, गुळाच्या पाण्यात कालवून तिने ती बियाण्याला चोळली होती, मग तीन वेळा मुळाशी ओतली होती. नासलेल्या मातीतही मुळांना तग धरायला हे जिवाणू मदत करतात, हे तिने एका गुंठ्यात करून दाखवलं होतं. आणि आता तोच गुंठा तिच्यावर उलटला होता.

“ही त्या जिवाणूंची करामत हाय, साहेब. बाजूचं रान बघा की.”

“बाजूला तुम्ही मशागतच नीट केली नाही,” साहेब हसले आणि सरपंच रामहरीकडे वळले. “लिहा पंचनाम्यात. पीक जोमदार, तक्रारीत तथ्य नाही.”

रामहरीने पेन काढलं. त्याची सही झाली की तक्रार मिटणार होती आणि काळं पाणी कायमचं मोकाट सुटणार होतं.

निकिताची सासू मालनबाई बांधावर गप्प उभी होती. एरवी तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. बाटली घरात आली तेव्हा केवढी कडाडली होती! “म्हायेरी तिसगावला हेच शिकवलं का गं तुला? रोगाचे जंतू रानात सोडतीस!” घट बसले त्या दिवशी उरलेली बाटली अर्ध्यावर आलेली सापडली. सासूनेच उकिरड्यावर ओतली असणार, असं धरून निकिता नऊ दिवस तिच्याशी बोलली नव्हती. सासूनेही देव्हाऱ्यावर लुगड्याचा पडदा टाकून कुणाला घटाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

“आणि काय हो मालनबाई,” साहेबांना आता जोर चढला होता, “तुमचा घट दरवर्षी गावात सगळ्यात दाट येतो म्हणे. तो याच रानातल्या मातीत पेरता ना? मग ही माती मेली कशी?”

रामहरीने मान हलवली. दर दसऱ्याला तो मालनबाईच्या घटाचेच अंकुर टोपीत खोवत आला होता. आजही त्यासाठीच तो टोपी घालून आला होता.

मालनबाईचा चेहरा काळाठिक्कर पडला. ती तरातरा घरात गेली. आली ती घटाची परडी दोन्ही हातांत घेऊन. जीपच्या बॉनेटवर तिने ती आदळली. रामहरीने घाईघाईने वहाणा काढल्या.

परडीत मधोमध कौलाचा तुकडा उभा रोवला होता. एका अंगाला बोटभर हिरवेगार गहू. दुसऱ्या अंगाला काळी माती, तिच्यात फुगून कुजलेले दाणे. एकालाही मोड नव्हता.

“सुनंची बाटली मीच चोरली,” मालनबाई म्हणाली. “खरं-खोटं बघाया हिरव्या अंगाला घातली, काळ्या अंगाला न्हाई. माती याच रानाची, पानी एकाच तांब्याचं.”

निकिताने तोंडावर हात ठेवला.

साहेब मात्र हटले नाहीत. “मग आधीची चार वर्षं घट कसा आला? तेव्हा तर बाटली नव्हती.”

मालनबाईने रामहरीच्या टोपीकडे बघितलं. मग तिने पदर कमरेला घट्ट खोचला.

“तवा माती आमची नव्हती. ओढ्यापास्नं लांब त्या रंगुबाईच्या चांगल्या रानातनं पाटीभर चोरून आनीत हुते. बोडका घट गावानं बघितला तर काय म्हनंल, म्हनून देवीलाबी फसवलं.” तिने परडी गर्रकन फिरवली. काळी बाजू साहेबांच्या तोंडासमोर आली. “चार वर्सं ही लाज माजी समजून झाकली. ती तुमची हाय, साहेब. काढा आता फोटो.”