मागचा केर

स्वरदाने व्हॅक्यूमची वायर भिंतीतून खेचून काढली आणि हाताभोवती गुंडाळून घेतली.

“आज नाही,” ती म्हणाली.

यतीन दारातच थबकला. तो नुकताच आईला विमानतळावर सोडून आला होता. ऑकलंडच्या अवोन्डेल भागातला हा फ्लॅट त्याच्या नावावर, स्वरदा त्यातल्या एका खोलीची भाडेकरू. आज तीही निघाली होती. टौरंगाला, किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये नोकरी लागली होती. सामान गाडीत चढलं होतं. उरली होती ती खोली.

आणि खोलीचं काय वर्णन करावं! कार्पेटवर अक्षता, कुंकू, उदबत्तीची राख, शेवंतीच्या वाळक्या पाकळ्या. यतीनची आई, विमलकाकू, लेकाकडे आल्यापासून याच खोलीत झोपत होत्या. लेकाच्या खोलीत भलामोठा टीव्ही होता, दोन कॉम्प्युटर होते, देवाला तेवढी जागा नव्हती. स्वरदाने आपलं कपाट अर्धं रिकामं केलं आणि काकूंचे देव त्यात बसवले. संध्याकाळी काकू टाळ्या वाजवत अभंग म्हणायच्या, मध्येच थांबून निरूपण करायच्या, आणि ही पोरगी, कामावरून दमून आलेली, मांडी घालून ऐकत बसायची. श्रोता एकच, पण काकूंचा आवाज कसा चढायचा!

हा केर काकूंचा, एवढं म्हटलं असतं तरी यतीनचं तोंड बंद झालं असतं. स्वरदाने म्हटलं नाही. भांडण कुणाच्या केराचं नव्हतंच.

“हे बघ, संध्याकाळी एक मुलगी खोली बघायला येतेय,” यतीन म्हणाला. “तू साफ करत नसशील तर क्लीनर येईल. अडीचशे डॉलर तुझ्या बाँडमधून कापणार. मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस.”

अडीचशे! टौरंगाच्या खोलीची अनामत ती याच बाँडच्या पैशांतून भरणार होती. पण वायर काही तिने सोडली नाही.

“उद्या काकू मुंबईला उतरल्या की बोलाव क्लीनर. पैसे माझे काप, हवे तर सगळे काप. पण घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्यामागे लगेच केर काढत नाहीत. माणूस गेल्यागेल्या घर झाडतात ते कधी, ठाऊक आहे ना तुला?”

यतीन हसला. “कमाल आहे तुझी! इतकी वर्षं ऑकलंडमध्ये काढलीस. विमान काय माझ्या व्हॅक्यूमवर उडतं?”

“नाही उडत. तेवढं मलाही कळतं. पण ज्या विमानावर विनोद करतोयस, त्यात तुझी आई बसलीय. माझी नाही.”

यतीनचं हसू विरलं. मग त्याने मान झटकली.

“अंधश्रद्धा आहे ही. कापणार म्हणजे कापणार.”

“काप की! कुणी अडवलंय?” तिने वायर त्याच्या हातात ठेवली. “माझ्या हातून झाडून घेऊ शकणार नाहीस, एवढंच. माझ्यामागे काय करायचं ते तू आणि तुझा देव.”

दाराशी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, होत्या, त्या तिने पायात सरकवल्या आणि ती निघाली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वाटभर ती धुमसत होती. एकेक झणझणीत उत्तर आता सुचत होतं आणि ती ते स्टिअरिंगला ऐकवत होती. काईमाईचा घाट लागायच्या आधी पेट्रोलला थांबली, तर फोन वाजला. कापलेल्या बाँडचा हिशोब असणार, दुसरं काय! तिने दातओठ खात फोन उघडला. यतीनचाच मेसेज होता.

“क्लीनरला दारातूनच परत पाठवलं. आई उद्या पोचेल. तू टौरंगाला पोचलीस की कळव. दोघी सुखरूप पोचलात की मगच केर काढतो.”