सीताफळाच्या बिया

चौऱ्याण्णव सालच्या हंगामाच्या सणाला तिसगावजवळच्या वाडीतल्या चर्चमध्ये वेदीसमोर मांडलेल्या पहिल्या पिकातून सहादूचं सीताफळ गायब झालं. देवाला वाहिलेल्या या पिकाचा शेवटी चर्चसाठी लिलाव होई; त्याआधी त्याला हात लावणं म्हणजे देवाच्या ताटातलं उचलणं. उपदेशाला नेमकी मना केलेलं फळ खाऊन देवाच्या बागेतून हाकललेल्या आदामाची गोष्ट होती. पाळकसाहेब रंगात येऊन सांगत होते, "फळ खाल्लं, ते लहान पाप, बायकोवर ढकललं, ते मोठं!" तेवढ्यात सहादू उठला. "साहेब, माझं सीताफळ गेलं. चर्चची किल्ली तर बाईंकडंच असती!" सगळ्या माना पाळकीणबाईंकडे वळल्या. बाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "व्हय, मीच खाल्लं." झग्याच्या खिशातल्या चिकट बिया मुठीत दाबून साहेबांनी सगळ्यांसमोर बायकोला क्षमा केली. मंडळी गहिवरली. घरी साहेबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. बाईंनी हात पुढं केला. "बिया आणा इकडं, परसात लावते. बागेतनं दोघंबी बाहेर पडलो; आता घाम गाळून खाऊ."